चौदा ते अठरा : घरी शिकणाऱ्या मुलांची चार वर्षं

[दृश्य : इमारतीचा जिना. दोन शिक्षक, हातात सर्वेक्षणाचे कागद. एका दाराची बेल वाजते.]

घरात सहा ते चौदा वयाचं मूल आहे का? कुठल्या शाळेत जातं?

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात हे प्रश्न दारोदार विचारले जातात. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात हे काम एकाच दिवशी राज्यभर झालं. जुलै २०२२ मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ निघालं, तेव्हा शोध तीन ते अठरा वर्षांच्या मुलांचा होता. दार उघडणाऱ्या आईनं ‘ती घरीच शिकते’ असं सांगितलं, तरी कागदावर ती मुलगी शाळाबाह्यच ठरते, कारण तिचं नाव कुठल्याच शाळेच्या पटावर नाही.

सर्वेक्षणाची वयोमर्यादा अठरापर्यंत पोचली आहे. शिक्षण हक्क कायद्याची मात्र अजून चौदालाच थांबलेली आहे. ती पुढे सरकली तर घरी शिकणाऱ्या मुलांचं नेमकं काय होईल, ते आपण पाहणार आहोत.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, कोल्हापूर.]

सक्ती हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात सक्ती लागू केली. शाहू महाराजांनी १९१७ च्या कायद्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ही सक्ती ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नव्हती, त्यांच्या मुलांसाठी होती. आजही वय वाढवण्याची मागणी होते ती आठवीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या, लग्न लावून दिलेल्या मुलामुलींकडे बघून. ती मागणी रास्त आहे. घरी शिकवणाऱ्या पालकांनीही ती तशीच ऐकायला हवी.

आताचा कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा, सगळ्यांच्या तोंडी आरटीई. वय सहा ते चौदा. त्यातली ‘सक्ती’ मुख्यतः सरकारवर आहे : शाळा उपलब्ध करा, प्रवेश द्या, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होण्यावर लक्ष ठेवा. कलम १० पालकांचं कर्तव्य सांगतं, पण ते मोडलं तर शिक्षा काय, हे कायद्यात कुठेच नाही. शाहू महाराजांचा एक रुपया इथे नाही. घरी शिकवणारी कुटुंबं गेली अनेक वर्षं याच मोकळ्या जागेत उभी आहेत. त्यांना परवानगी देणारं कलम नाही आणि दंड करणारंही नाही.

‘घर’ हा शब्द कायद्यात आला तो २०१२ च्या दुरुस्तीनं, तोही फक्त बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. त्यांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय आहे. या कलमाचा आधार घेऊन इतर पालक अर्ज करतात, तेव्हा तो लागू होत नाही.

[दृश्य : टेबलावर जन्मदाखला, आधारकार्ड, लॅपटॉपवर प्रवेश अर्ज.]

आता चौदाव्या वर्षाकडे येऊ, कारण सगळी गाठ तिथे आहे.

घरी शिकलेल्या मुलाला दहावीचं प्रमाणपत्र मिळवायचे मुख्य रस्ते दोन आहेत. पहिला, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं. अर्ज ऑनलाईन भरायचा आणि कागद नेमून दिलेल्या शाळेत द्यायचे. घोडं अडतं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. मूळ दाखला हवा, हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. जे मूल शाळेत गेलंच नाही, त्याच्याकडे सोडल्याचा दाखला कुठून येणार? त्यामुळे हा रस्ता काही इयत्ता शाळेत काढून मग घरी शिकलेल्यांना सोयीचा पडतो.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे दहावीला जन्मतारखेचा पुरावा लागतो. आधी शाळेत गेलेला नसलात, तर दहावीचा अभ्यास पेलण्याइतकं शिकलो आहे, असं स्वतः लिहून दिलं तरी चालतं. वय मात्र किमान चौदा पूर्ण हवं. बारावीसाठी पंधरा पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण. वय ३१ जानेवारी किंवा ३१ जुलैला मोजतात, कुठल्या सत्राला प्रवेश घेता त्यावर. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल यामुळे एक सत्र मागे राहतं, हे तेराव्या वर्षीच हिशेबात धरावं.

किमान पाच विषय, त्यात एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते आणि नऊ संधी मिळतात. एका बैठकीला दोन विषय, पुढच्या बैठकीला तीन, असं जमतं. घरच्या शिक्षणाला हे वेळापत्रक फार चांगलं मानवतं.

चुका होतात त्या बहुतेक कागदांच्या. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, हा रोजचा प्रकार. तो अर्जाच्या आधी दुरुस्त करावा लागतो, नंतर प्रमाणपत्रावर तीच चूक छापून येते. दुसरी चूक गृहपाठाची. शिक्षक-मूल्यांकित गृहपाठाला वीस टक्के गुण असतात. तो अभ्यास केंद्रात वेळेत पोचला नाही, तर ते वीस टक्के गेले. तिसरी चूक विषय निवडताना होते. गणित आणि विज्ञान सोडून मुलाला आवडणारे पाच विषय घेतले, की अकरावीला विज्ञान शाखेचं दार बंद होतं, आणि हे दोन वर्षांनी लक्षात येतं. शिवाय कनिष्ठ महाविद्यालय स्थलांतर प्रमाणपत्र मागतं. ते गुणपत्रिकेबरोबर जपून ठेवायचं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. शिक्षण हक्काची सक्ती संपते चौदाला. मुक्त विद्यालयाची दहावी सुरू होते चौदाला. एक संपतं तिथे दुसरं सुरू होतं, म्हणून आज या मुलांची दहावी-बारावी कुठल्याही सक्तीच्या आड येत नाही.

[दृश्य : नवी दिल्ली, दिवसाचं चित्रण.]

२०१९ मध्ये कस्तुरीरंगन समितीनं शैक्षणिक धोरणाचा मसुदा मांडला. त्यात शिक्षण हक्क कायदा पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंत वाढवण्याची शिफारस होती. २०२० च्या अंतिम धोरणात तीन ते अठरा वयाच्या सर्व मुलांना २०३० पर्यंत शिक्षण मिळावं हे उद्दिष्ट राहिलं. कायदा वाढवण्याची ती शिफारस तशी राहिली नाही. पण ही चर्चा पुन्हा येणार.

कायद्यातला ‘चौदा’ खोडून तिथे नुसता ‘अठरा’ लिहिला, तर काय होईल? शाळा या शब्दाची व्याख्या तीच राहील : मान्यताप्राप्त, प्राथमिक शिक्षण देणारी संस्था. मग मुक्त विद्यालयात रीतसर नोंदलेली पंधरा वर्षांची मुलगी दहावीची तयारी करत असूनही शाळाबाह्य ठरेल. आणि चार-पाच कुटुंबांनी मिळून एका खोलीत प्रयोगशाळा चालवली, तर तिला विनामान्यता शाळा म्हणता येईल का, हा प्रश्न बारावीपर्यंत लांबेल. विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत दंड आहे. पुढे चालू ठेवली तर रोजचे दहा हजार.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, घरी शिकवणाऱ्यांमध्ये ती फारशी बोलली जात नाही. कलम ४ नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसता येतं, आणि कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. घरचा प्रयोग जमला नाही तर परत यायची ही वाट आहे. आज ती आठवीला संपते. थेट नववीत प्रवेश मागणाऱ्या मुलाकडे आधीच्या शाळेचे कागद मागितले जातात. वय अठरा झालं, तर ही वाटही पुढे उघडू शकते.

[दृश्य : नकाशा. मेरीलँड, मग इंग्लंड.]

दोन ठिकाणी हे घडून गेलं आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यानं सक्तीचं वय सोळावरून २०१५ मध्ये सतरा आणि २०१७ मध्ये अठरा केलं. तिथे घरी शिकवणारे पालक आधी लेखी कळवतात, कामाची फाईल ठेवतात आणि अधिकारी ती वर्षातून जास्तीत जास्त तीनदा तपासतात. त्रुटी निघाली तर दुरुस्तीला तीस दिवस. सोळाव्या वर्षी संपणारी ही तपासणी दोन वर्षं लांबली. इंग्लंडनं वेगळं केलं. सक्तीच्या शाळेचं वय सोळाच ठेवलं आणि शिक्षणात सहभागी असण्याचं वय २०१३ मध्ये सतरा, २०१५ मध्ये अठरा केलं. घरचं शिक्षण त्या सहभागात धरलं जातं, तासांची अट न घालता.

आपल्याकडे इंग्लंडसारखी तरतूद अवघड नाही, कारण मुक्त विद्यालय सरकारचंच आहे. त्यातली नोंदणी म्हणजे पटावरचं नाव, एवढं एक स्पष्टीकरण वय वाढवणाऱ्या दुरुस्तीतच हवं. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा दहा वर्षं पूर्ण झाल्यावर आणि आठवीची तेरा पूर्ण झाल्यावर देता येते, तीही धरावी. आणि सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘मुक्त विद्यालय’ असा रकाना असावा.

[दृश्य : पुन्हा तेच दार. आई एक फाईल पुढे करते.]

तोवर दाराशी हीच फाईल कामाला येते. जन्मदाखला. आधार. वर्षनिहाय अभ्यासाची नोंद, वह्यांची पाचसहा पानं तारखेसह. तेरा पूर्ण असतील तर आठवीचं प्रमाणपत्र. चौदा पूर्ण असतील तर एनआयओएसचं ओळखपत्र, त्यावरचा नोंदणी क्रमांक शिक्षकांनी तक्त्याच्या शेरा रकान्यात लिहून घ्यावा अशी विनंती करायची, आणि नोंद केलेल्या पानाचा फोटो काढून ठेवायचा.