आवडत्या रंगाचा प्रश्न

'तुमचा आवडता रंग कोणता?' हा प्रश्न मराठीत कोणी विचारला तर आपण एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतो. तोच प्रश्न इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेत, समोर परीक्षक बसलेला असताना आणि बोललेला प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित होत असताना आला, की भरपूर तयारी केलेला उमेदवारसुद्धा 'ब्लू' म्हणतो, क्षणभर थांबतो आणि मग घाईघाईने आकाश, समुद्र आणि शांतता यांच्या आधाराला धावतो. या परीक्षेची तयारी करून घेताना हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आजच्या व्याख्यानासाठी मी मुद्दाम हाच साधा प्रश्न निवडला.

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेचे उदाहरण घेऊ. तिची संभाषणाची चाचणी 11 ते 14 मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. रंगांसारखे विषय प्रामुख्याने पहिल्या, चार ते पाच मिनिटांच्या भागात येतात. तुम्हाला कोणता रंग आवडतो, लहानपणी हाच आवडायचा का, कोणता रंग अजिबात आवडत नाही, खोलीच्या भिंतींना कोणता रंग द्याल, अशा धर्तीचे ते प्रश्न असतात. ते आधी ठरलेले असतात आणि परीक्षक ते ठरलेल्या शब्दांतच विचारतो. गुण चार गोष्टींना मिळतात : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता व अचूकता, आणि उच्चार. या चारही गोष्टींचे वजन सारखे असते. या यादीत 'मत' कुठेही नाही. निळा आवडणे चांगले आणि करडा आवडणे वाईट, असे ठरवायला तिथे कोणी बसलेले नाही. 'मला असा एकच आवडता रंग नाही' हेही पूर्ण उत्तर होऊ शकते, आणि ज्याला काही रंगांमधला फरक डोळ्यांना कळत नाही त्याने तसे सरळ सांगितले तर त्याच्यापाशी बोलण्यासारखे इतरांपेक्षा अधिकच असते.

मग शांततेच्या उत्तरात बिघडते काय? त्या वाक्यांत व्याकरणाची चूक नसते, शब्दही वजनदार असतात. पण ती वाक्ये बोलणाऱ्याची नसतात. 'निळा रंग शांततेचे प्रतीक आहे' असे म्हटल्यावर पुढे काय बोलणार? प्रतीकाला पुढचे वाक्य नसते. परीक्षकाने 'तुमच्याकडे या रंगाच्या वस्तू बऱ्याच आहेत का?' असे विचारले की भारदस्त भाषा एकदम नाहीशी होते, अडखळणे सुरू होते, आणि पहिले उत्तर पाठ केलेले होते हे कोणालाही कळते. मला आज एवढेच सांगायचे आहे, की रंगाविषयी बोलायचे असेल तर रंगाच्या अर्थाकडे जाऊ नका, ज्या वस्तूवर तो रंग तुम्ही पाहिला त्या वस्तूकडे जा.

हे मला एका विद्यार्थिनीने शिकवले. सरावाच्या तासाला तिने हिरवा रंग सांगितला आणि निसर्ग, समृद्धी, ताजेपणा अशी तीन नामे एकापाठोपाठ एक म्हणून दाखवली. मी तिला थांबवले आणि मराठीत विचारले, 'अगं, पण तुला हिरवा का आवडतो?' ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'मॅडम, ताईचा एक स्वेटर होता. तो नंतर मला मिळाला. बाह्या इतक्या लांब होत्या की माझी बोटेसुद्धा दिसायची नाहीत. कोपरांवर रंग उडून तो जवळजवळ पिवळा झाला होता, पण मी दुसरा घालायचेच नाही.' मी म्हटले, आता हेच इंग्रजीत सांग. तिला वाटले की हे फार साधे आहे, परीक्षेत असे चालणार नाही. तरीही तिने सांगितले : 'इट वॉज माय सिस्टर्स. द स्लीव्ह्ज वेअर सो लाँग दॅट यू कुडन्ट सी माय फिंगर्स, अँड द ग्रीन हॅड फेडेड अ‍ॅट द एल्बोज.' या दोन वाक्यांत साधा भूतकाळ आहे, पूर्ण भूतकाळ आहे, 'सो' आणि 'दॅट' यांची जोडी आहे आणि 'फेड' हे रंगासाठी अगदी नेमके क्रियापद आहे. समृद्धी आणि ताजेपणा यांच्या तुकड्यात यांपैकी काहीच नव्हते. तिला व्याकरण येत होतेच, ते वापरायला जागा मात्र स्वेटरने दिली.

वस्तूकडे जाण्यात भाषेच्या स्वभावाविरुद्धही काही नाही, कारण रंगांची कित्येक नावे वस्तूंपासूनच आली आहेत. आपल्याकडे पोपटी, डाळिंबी, अबोली, विटकरी, राखाडी हे शब्द उच्चारताच वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते. इंग्रजीतही 'व्हायोलेट' आणि 'पिंक' ही आधी फुलांची नावे होती, मग रंगांची झाली. 'ऑरेंज' हे आधी फळाचे नाव होते. ते संस्कृतातल्या 'नारंग' शब्दापासून फारसी, अरबी आणि फ्रेंच असा प्रवास करत इंग्रजीत पोहोचले, आणि आपला 'नारिंगी' त्याच घराण्यातला आहे. इंग्रजीत हा शब्द रंगासाठी रूढ होण्यापूर्वी त्या छटेची सोय बरीचशी 'रेड'मध्येच लावली जाई, म्हणून नारिंगी केस असलेल्या माणसाला आजही 'रेडहेड' म्हणतात. हे परीक्षेत सांगण्यासाठी नाही. तरी मी ते वर्गात नेहमी सांगते, कारण त्यानंतर मुलांना रंगाचा शब्द परका वाटत नाही.

1969 साली ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या दोन अभ्यासकांनी जगातल्या अनेक भाषांमधल्या मूलभूत रंगनामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजीची मूलभूत रंगनामे 11 धरली आहेत : काळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, तपकिरी, जांभळा, गुलाबी, नारिंगी आणि करडा. ही अकरा नावे जवळजवळ प्रत्येक उमेदवाराला येतात. खरी अडचण छटांपाशी सुरू होते आणि इथे मराठी माणसाकडे मोठी पुंजी असते. आपण निळसर म्हणतो, पिवळसर म्हणतो, तांबूस म्हणतो. इंग्रजीत हे काम शब्दाच्या शेवटी 'इश' लावून होते : 'ब्लूइश', 'यलोइश', 'रेडिश'. पण मराठी आणखी एक पायरी उतरते. काळसर म्हटले की नुसती छटा कळते, काळपट म्हटले की त्यात थोडी नापसंतीही मिसळते. 'ब्लॅकिश' या शब्दात ती नापसंती येत नाही. ती हवी असेल तर 'डल' किंवा 'डर्टी' असे विशेषण वेगळे जोडावे लागते.

गडदपणा दाखवणाऱ्या आपल्या जोडशब्दांचेही तसेच आहे. लालभडक, पिवळाधमक, निळाशार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र असे प्रत्येक रंगाला स्वतःचे शेपूट आहे, आणि ते दुसऱ्या रंगाला लावता येत नाही हे आपल्याला कोणी न शिकवता कळते. इंग्रजीतही अशा जोड्या आहेत, फक्त त्या शब्दाला शब्द ठेवून सापडत नाहीत. लालभडक म्हणजे 'ब्राइट रेड', निळाशार म्हणजे 'डीप ब्लू'. केस काळेभोर असतील तर 'जेट ब्लॅक' आणि अंधार काळाकुट्ट असेल तर 'पिच ब्लॅक'. हिरवेगार रान 'लश ग्रीन' होते, पण कापड कितीही हिरवेगार असले तरी त्याला 'लश' म्हणता येत नाही, कारण तो शब्द वाढणाऱ्या झाडापानांचा आहे. आणि फिक्या रंगाला आपण बोलताना सर्रास 'फेंट कलर' म्हणतो, तिथे इंग्रजीत 'लाइट' किंवा 'पेल' म्हणायचे असते. ही चूक इतकी अंगवळणी पडलेली आहे, की ती सांगितल्यावर विद्यार्थ्यांना धक्काच बसतो.

पोपटी रंगासाठी शब्द सुचला नाही तर काय करायचे, असे मला दरवेळी विचारले जाते. शब्दाभोवती फिरायचे. 'अ ब्राइट ग्रीन विथ अ लॉट ऑफ यलो इन इट' असे म्हणायचे. नेमका शब्द हाताशी नसताना वेगळ्या शब्दांत अर्थ पोहोचवणे हे या परीक्षेत कौशल्य म्हणूनच मोजले जाते. शब्द आठवण्यासाठी दहा सेकंद गप्प राहण्यापेक्षा हा वळसा कितीतरी चांगला.

आता काळाविषयी बोलू, कारण रंगाच्या प्रश्नात सर्वांत जास्त गुण तिथे निसटतात. लहानपणाविषयीचा प्रश्न मुद्दाम विचारलेला असतो. मराठीत आपण 'मला पूर्वी पिवळा आवडायचा' म्हणतो. या 'आवडायचा'साठी इंग्रजीत 'यूज्ड टू लाइक' अगदी तयार बसले आहे, आणि एकदा हे लक्षात आले की त्यात चूक होत नाही. चूक होते ती दुसऱ्या वाक्यात. 'मला लहानपणापासून निळा आवडतो' हे मराठीत वर्तमानकाळात असते, म्हणून इंग्रजीतही 'आय लाइक ब्लू सिन्स चाइल्डहूड' असे तोंडून निघते. इंग्रजीला तिथे पूर्ण वर्तमानकाळ लागतो : 'आय हॅव लाइक्ड ब्लू सिन्स आय वॉज अ चाइल्ड.' मराठीचे क्रियापद 'आजही आवडतो' याकडे पाहते आणि सुरुवातीची बाजू 'पासून' सांभाळते. इंग्रजीत मात्र तेव्हापासून आजपर्यंतचा सगळा पल्ला क्रियापदालाच पेलावा लागतो. हा फरक नियम म्हणून पाठ केला तर विसरतो, स्वतःच्या आवडीच्या रंगावर चार वेळा बोलून पाहिला तर जिभेवर बसतो. याच ओघात दोन लहान सवयीही सुधारता येतात. 'आय लाइक ब्लू कलर' असे न म्हणता 'आय लाइक ब्लू' म्हणावे, आणि 'धिस कलर इज सूटिंग मी' असे न म्हणता 'धिस कलर सूट्स मी' म्हणावे.

नावडत्या रंगाच्या प्रश्नाला वस्तूकडे जाण्याचा तोच मार्ग लागू पडतो. भिंतींच्या प्रश्नात 'मी अमुक रंग देईन' अशा अर्थाचे 'आय वुड' वापरायची आयती संधी असते, ती सोडू नये.

तिसऱ्या भागात प्रश्न व्यक्तीवरून समाजाकडे वळतात. तो भागही चार ते पाच मिनिटांचा असतो आणि दुसऱ्या भागातल्या विषयाशी जोडलेला असतो. विषय कपड्यांचा किंवा घराच्या सजावटीचा असेल तर माणसांच्या रंगांच्या आवडी काळानुसार का बदलतात, असे काही विचारले जाऊ शकते. इथे पुन्हा अनेक जण प्रतीकांकडे वळतात, आणि इथेही वस्तूच कामाला येते. 1856 साली विल्यम पर्किन हा 18 वर्षांचा मुलगा लंडनमध्ये प्रयोगशाळेत क्विनाइन हे हिवतापावरचे औषध तयार करण्याचा प्रयत्न करत होता. त्याला क्विनाइन मिळाले नाही, पण हाती आलेल्या काळपट गाळातून कापडाला चढणारा जांभळा रंग निघाला. प्राचीन काळी समुद्री गोगलगायींपासून मिळणारा जांभळा इतका महाग असे, की तो सत्ताधाऱ्यांच्या अंगावरच शोभायचा. पर्किनच्या रंगानंतर काही वर्षांतच जांभळ्याची फॅशन आली. म्हणजे आवड बदलायला अनेकदा मनापेक्षा उपलब्धता कारणीभूत ठरते. परीक्षेत पर्किनचे नाव आणि सनावळी सांगायची गरज नाही. 'पीपल टेंड टू लाइक व्हॉट दे कॅन अफोर्ड' एवढे म्हणून आपल्या पाहण्यातले एखादे उदाहरण दिले तरी युक्तिवाद उभा राहतो.

उच्चारांपैकी एकाच गोष्टीविषयी बोलते. 'व्हाइट' आणि 'व्हायोलेट' देवनागरीत लिहिताना आपण दोन्हींना 'व्ह' देतो आणि तसेच बोलतोही. इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. 'व्हायोलेट'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'व्हाइट'ला दात बाजूला राहतात आणि ओठ शीळ घालताना होतात तसे गोल होतात. आरशासमोर उभे राहून हे दोन शब्द आलटून पालटून म्हणावेत. आणि परीक्षकाने मध्येच थांबवले तर उत्तर फसले असे समजू नये. त्याला प्रत्येक भागाची वेळ पाळायची असते.

स्वेटरवाल्या विद्यार्थिनीला मी महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा विचारला. हे उत्तरही आता पाठ झाले असेल, अशी मला धास्ती होती. पण तिने हिरव्याचे नावच काढले नाही. ती एका पिवळ्या पेन्सिलीविषयी बोलू लागली, जी तिने शाळेत पार बोटभर होईपर्यंत वापरली होती. मध्येच ती अडली. पेन्सिलीचे टोक चावून चावून खराब झाले होते असे तिला म्हणायचे होते आणि 'चावणे'साठी शब्द मिळत नव्हता. तिने माझ्याकडे पाहिले, मी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, 'द एंड वॉज फुल ऑफ माय टीथ मार्क्स', आणि पुढचे वाक्य सुरू केले.