तिशीत म्हाताऱ्या, सत्तरीत नायिका

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्टोबर १९८० मध्ये दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीवर एक मालिका सुरू झाली. एक खेडं, त्यातलं एक शेतकरी कुटुंब, एका छपराखाली नांदणाऱ्या तीन पिढ्या, लग्नकार्यं, रुसवेफुगवे आणि शेतीची कामं. 'जनवन इल्गी', म्हणजे खेड्यातली रोजनिशी, असं तिचं नाव. ही रोजनिशी डिसेंबर २००२ पर्यंत लिहिली गेली. तिचे १,०८८ भाग झाले.

त्या घरातल्या कर्त्या बाईचं, म्हणजे सुना-मुलांच्या आईचं काम किम हे-जा करत होत्या. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. शेजारी इल-योंग नावाच्या तरुणाची आई होती, फटकळ तोंडाची, मायाळू म्हातारी. ती भूमिका किम सू-मी यांच्याकडे होती आणि त्यांचं वय होतं जेमतेम तीस-एकतीस. ऐन उमेदीची बाई केस पांढरे करून, पाठीत वाकून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि साऱ्या देशाने तिला म्हातारी म्हणून स्वीकारलं. किम सू-मी २०२४ मध्ये गेल्या, तेव्हाही कित्येकांना पहिल्यांदा इल-योंगची आईच आठवली.

आज मला या बायकांबद्दल बोलायचं आहे. कोरियन मालिका आपल्याकडेही घरोघरी पोचल्या आहेत. तरुण मुलं-मुली त्यातल्या नायक-नायिकांची नावं घडाघडा सांगतात. त्याच मालिकांमध्ये स्वयंपाकघराच्या दारात एक आई उभी असते, कोपऱ्यात एक आजी बसलेली असते. त्यांची नावं सहसा कुणी विचारत नाही. 'स्क्विड गेम' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्यातल्या नायकाची आजारी, राबणारी आई आठवते? त्या किम यंग-ओक, जन्म १९३७ चा. आयुष्यभर त्यांनी आया आणि आज्या रंगवल्या. २०१६ च्या एका मालिकेत त्या गो दू-शिम या ज्येष्ठ अभिनेत्रीच्या आई झाल्या होत्या. प्रत्यक्षात दोघींच्या वयात चौदा वर्षांचंही अंतर नाही.

किम यंग-ओक यांची सुरुवात झाली ती आवाजाच्या कामातून. ना मुन-ही या दुसऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीचीही तशीच. १९६१ मध्ये ना मुन-ही एमबीसीच्या आवाजी कलाकार झाल्या. तेव्हा एमबीसी म्हणजे निव्वळ रेडिओ, तिचं दूरदर्शन यायला १९६९ उजाडलं. कोरियन युद्ध थांबून दहा वर्षंही झाली नव्हती, देश गरीब होता आणि लोक रेडिओवरच्या श्रुतिका ऐकत. चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, जे सांगायचं ते श्वासातून आणि थांबण्यातून सांगायचं, ही तालीम या पिढीला मिळाली. ना मुन-ही यांचं एखादं वाक्य ऐका. शब्द संपल्यावरही त्या क्षणभर सोडत नाहीत. ही मला रेडिओची कमाई वाटते, आणि आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना ती लगेच ओळखू येईल.

पुरुषांचं काय? त्यांनाही बापाच्या आणि आजोबांच्या भूमिका आल्या, पण त्या भूमिकांना घरात अधिकार होता. ली सुन-जे यांचंच बघा. जन्म १९३४ चा, शिक्षण सोल राष्ट्रीय विद्यापीठात तत्त्वज्ञानाचं, रंगभूमीवर पदार्पण १९५६ मध्ये. १९९१-९२ मध्ये एका मालिकेत त्यांनी करडा, हट्टी बाप रंगवला. त्याची बायको होत्या याच किम हे-जा. मालिका अफाट गाजली आणि १९९२ मध्ये ली सुन-जे खासदार म्हणून निवडून आले. एक मुदत पूर्ण करून ते पुन्हा अभिनयाकडे वळले, हे त्यांचं मोठेपण. २०२१ मध्ये, ८७ व्या वर्षी, त्यांनी सोलच्या रंगमंचावर किंग लिअर उभा केला, तीन तासांहून मोठा प्रयोग. लिअर म्हटलं की मराठी माणसाला अप्पासाहेब बेलवलकर आठवणारच, आणि त्या भूमिकेत नटाच्या छातीवर किती भार येतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वयाच्या नव्वदीत त्यांना केबीएस या वाहिनीच्या नाट्यपुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान मिळाला. तो घेताना डोळ्यांत पाणी आणून ते प्रेक्षकांना म्हणाले की जन्मभर मी तुमचा ऋणी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते गेले. पुरुषांबद्दल इतकंच. आज बोलायचं आहे ते बायकांबद्दल.

२००९ मध्ये बोंग जून-हो या दिग्दर्शकाने 'मदर' नावाचा चित्रपट केला. किम हे-जा यांना डोळ्यांसमोर ठेवूनच त्यांनी तो रचला होता. सबंध देशाची सोशीक आई झालेल्या या बाईच्या डोळ्यांत त्यांना आणखी काहीतरी दिसलं होतं, काहीतरी धगधगणारं. चित्रपटातली आई जडीबुटी विकते, परवाना नसताना सुया टोचून लोकांची दुखणी बरी करते. तिचा मुलगा मतिमंद आहे. सुरुवातीच्याच एका दृश्यात ती दुकानात बसून पात्याखाली वनस्पती कापते आहे. हात पात्यापाशी आणि नजर रस्त्यापलीकडच्या मुलावर. पातं बोटाच्या जवळ जवळ येत जातं. आपला जीव वर-खाली होतो, तिला मात्र पत्ताच नाही. पुढे या मुलावर खुनाचा आळ येतो आणि आई स्वतः शोध घ्यायला निघते. ती कुठवर जाते हे मी सांगणार नाही. एवढंच सांगते की आईची माया किती भयंकर असू शकते हे इतक्या निर्भीडपणे दाखवणारी दुसरी अभिनेत्री मला माहीत नाही. २२ वर्षं ज्या मायेची पडद्यावर पूजा झाली, तिचीच दुसरी बाजू किम हे-जा यांनी ६७ व्या वर्षी उघडी केली. लॉस एंजेलिसच्या चित्रपट समीक्षकांनी २०१० ची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून त्यांची निवड केली.

ना मुन-ही यांची पाळी आली २०१७ मध्ये. 'आय कॅन स्पीक' या चित्रपटात त्या एक कटकटी म्हातारी आहेत. रोज सरकारी कचेरीत जाऊन तक्रारींचे अर्ज देणारी, आणि मग हट्टाने इंग्रजी शिकायला लागलेली. तिला इंग्रजी का शिकायचं आहे हे कळतं तेव्हा हसू ओसरतं. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ज्या कोरियन मुलींना लैंगिक गुलाम केलं, त्यांपैकी ती एक आहे आणि अमेरिकन संसदेपुढे तिला साक्ष द्यायची आहे. २००७ मध्ये अशा स्त्रियांनी वॉशिंग्टनमध्ये खरोखर साक्षी दिल्या होत्या. या भूमिकेसाठी ना मुन-ही यांना ब्लू ड्रॅगन हा कोरियातला मानाचा पुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा, वयाच्या ७६ व्या वर्षी. व्यासपीठावरून त्यांनी आपल्या वयाच्या मैत्रिणींना हाक मारली, मला बक्षीस मिळालं, तुम्हीही आपापल्या जागी मिळवा, असं सांगितलं.

युन यो-जंग यांची वाट मात्र निराळी. त्या मुळात नायिकाच होत्या. १९७१ मध्ये किम की-यंग यांच्या चित्रपटाने त्यांना नाव मिळालं. मग लग्न, अमेरिकेतला संसार, दोन मुलगे. १९८४ मध्ये त्या परतल्या आणि १९८७ मध्ये घटस्फोट झाला. त्या काळात कोरियात घटस्फोटित बाई पडद्यावर दिसणं अनेकांना खपत नसे. मुलांना वाढवायचं होतं म्हणून त्यांनी मिळेल ती भूमिका केली, लहान, दुय्यम, कशीही. २०१६ मध्ये त्यांनी सोलमध्ये म्हाताऱ्या गिऱ्हाइकांकडे जाणारी वृद्ध वेश्या साकारली. कोरियात वृद्धांची गरिबी श्रीमंत देशांमध्ये सर्वांत तीव्र समजली जाते, पण तिचा असा चेहरा दाखवायला धाडस लागतं. नंतर 'मिनारी' आला. त्यातली आजी पत्ते कुटते, शिव्या देते, स्वयंपाक तिला येत नाही आणि नातू तोंडावर सांगतो की तू खऱ्या आजीसारखी नाहीस. २०२१ मध्ये, ७३ व्या वर्षी, याच आजीने त्यांना ऑस्कर मिळवून दिलं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन कलावंत. भाषणात त्यांनी आपल्या दोन्ही मुलांचे आभार मानले, कारण मुलांनीच त्यांना कामावर जायला लावलं. आणि आपले पहिले दिग्दर्शक किम की-यंग यांची आठवण काढली.

हे बदललं त्याला कोरियाचं वाढतं वयही कारण आहे. २०२४ च्या अखेरीस तिथे ६५ वर्षांवरच्या माणसांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेलं. पडद्यासमोरच म्हातारी माणसं बसलेली असतील, तर पडद्यावरची म्हातारी किती दिवस कोपऱ्यात राहणार? पण प्रेक्षक असले तरी ते काम पेलणारं कुणीतरी लागतं, आणि या बायका पन्नास-साठ वर्षं तयारीतच उभ्या होत्या. २०२४ मध्येच ना मुन-ही आणि किम यंग-ओक यांचा 'पिकनिक' हा चित्रपट आला. दोन जुन्या मैत्रिणी आपल्या गावी परत जातात. एक ऐंशी पार केलेली, दुसरी त्याहून मोठी, आणि दोघीच चित्रपटाच्या नायिका.

श्रोतेहो, यातलं काही बघायला मिळालं तर हिंदीत डब केलेलं घेऊ नका. खाली अक्षरं वाचायला थोडे कष्ट पडतील, पडू द्या. या बायका मूळ आवाजातच ऐका.

नमस्कार.