चाव्यांचा डबा

नमस्कार श्रोतेहो.

‘बाहेरची माणसं फार झाली.’ हे वाक्य ठाण्याच्या फलाटावर ऐकू येतं, पाण्याच्या टँकरपुढे ऐकू येतं, आणि आता आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीतही ऐकू येतं. लोकांचं मत म्हणून ते खरंच आहे. गर्दीत चेंगरणारा माणूस खोटं बोलत नाही.

आकडे थोडेच सांगतो. 2001 ते 2011 या दहा वर्षांत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं सुमारे 82 हजारांनी कमी झाली. पुन्हा सांगतो, कमी झाली. सिंधुदुर्गातही घटली. महाराष्ट्रात माणसं घटलेले जिल्हे तीनच, आणि तिसरा कोणता? खुद्द मुंबई शहर! उपनगर नव्हे, जुनं मुंबई शहर.

आता वाडीतली गोष्ट सांगतो.

गणपतीचे दिवस. चाकरमानी आलेले. आरती झाली, प्रसाद झाला आणि काकीच्या ओटीवर गप्पा रंगल्या. डोंबिवलीला राहणारा आमच्या भावकीतला एक दादा म्हणाला, “गावात नेपाळी किती वाढलेत! बागेत नेपाळी, बोटीवर नेपाळी. उद्या गाव आपलं राहायचं नाही.” दोघाचौघांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, मीही डोलावली.

काकी तेव्हा ऐंशीच्या पुढची. काही न बोलता आत गेली आणि फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. डबा तिने ओटीवर उपडा केला. खणखण करत चाव्या पडल्या. 14 चाव्या, 14 बंद घरांच्या. प्रत्येक चावीला चिंधी बांधलेली, कुठली कुणाची ते कळावं म्हणून. त्यातली एक हिरवी चिंधी तिने उचलली.

“ही कुणाची रे?”

दादाने ओळखली. त्याच्या आईच्या लुगड्याची चिंधी होती. आईनेच बांधलेली, मुंबईला कायमची जायला निघाली तेव्हा.

काकी म्हणाली, “माझे गुडघे गेले. तीन वर्षं तुझं घर बाय उघडते.” बाय म्हणजे आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या नेपाळ्याची बायको. काकी तिला बायच म्हणायची. “मे महिन्यात तुझी कौलं तिच्या नवऱ्याने शाकारलीन. गणपती बसवलास ना, ती जागा सारवलीन बायने. तू आलास तेव्हा घरात दिवा होता. तो कुणी लावलान?”

ओटीवर कुणी बोललं नाही. दादा ती चिंधी बोटात धरून कितीतरी वेळ बसला होता. पाचव्या दिवशी विसर्जन झालं, आणि गाडीत बसण्याआधी त्याने चावी पुन्हा डब्यात टाकली. दुसरं करणार तरी काय? नोकरी तिकडे, मुलांच्या शाळा तिकडे.

श्रोतेहो, गर्दीबद्दल लोकांचं मत विचारणारे एकच विचारतात, माणसं जास्त झाली का? ती कुठून निघाली आणि का निघाली, हे कुणी विचारत नाही. 1921 च्या जनगणनेत मुंबईतल्या 100 माणसांपैकी 84 जण मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचे लोक भरपूर. गिरणगावच्या चाळींत एकेका खोलीत दाटीने राहिले ते आपलेच आजे-पणजे. तेव्हाही कुणीतरी त्यांना बाहेरचे म्हटलंच असेल.

आणि जाता जाता एक बोलतोच. गावची मुक्कामाची एसटी बंद करू नका. पहाटेची गाडी बंद झाली, की दहावी झालेली पोरं आधी तालुक्याला खोली घेतात आणि मग मुंबईला जातात. हे मी दहा ठिकाणी बोललोय, पुन्हा बोलेन.

गर्दीचा त्रास खोटा नाही, हेही पुन्हा सांगतो. नळाला पाणी नाही, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, हे सोसणाऱ्याने बोलायलाच हवं. पण ते बोलणं जलवाहिनी आणि गाड्या वेळेत न वाढवणाऱ्यांना ऐकवावं. रांगेत आपल्याच मागे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला नको.

काकी आता नाही. डबा बायकडे आहे, तिच्या खोपटात, देवांच्या तसबिरीखाली. गेल्या गणपतीत मी मोजल्या. चाव्या 16 झाल्यात.

नमस्कार.