भरलेले हात

नमस्कार श्रोतेहो.

मी कोल्हापूरची. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले. 'तुमचे छंद, तुमचा व्यायाम आणि समाजाविषयी जे वाटतं ते, असं पंधरा मिनिटं बोला,' असा निरोप आला तेव्हा मी सवयीनं वहीत तीन रकाने आखले. पण रकान्यांत काही बसेना. पोहण्याविषयी लिहायला घ्यावं तर पेन बांगड्यांपाशी येऊन थांबायचं. वाकळ शिवण्याविषयी लिहावं तर शेजारच्या वहिनी आठवायच्या. शेवटी रकाने खोडले. जसं घडलं तसं सांगते.

मी गंगावेशीत राहते. तिथल्या दूध कट्ट्यावर अजून गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. आमच्या ह्यांचा तिथला पेला कधी चुकला नाही. हे तालमीतले. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आहे, खासबागचं कुस्तीचं मैदान १९१२ पासून उभं आहे, आणि अंग कमावणं ही इथं अभिमानानं सांगायची गोष्ट आहे. ह्यांच्या जोर-बैठकांचा आकडा सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या. मी जिना चढताना धापा टाकायला लागले, ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. घरात एवढं काम असतं, बाईला निराळा व्यायाम कशाला, असं मीही म्हणायचे. धुणं, भांडी, पोळपाट, शाळा, तपासायच्या वह्या. त्यात कंबर मोडते, पण छाती भरून श्वास एकदाही घेतला जात नाही, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

२०१५ साली हे गेले. हृदयविकाराचा झटका. रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दिवसातलं एवढंच सांगते. त्यांना न्यायच्या आधी मला पाटावर बसवलं. नात्यातल्या एक वयस्कर बाई स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आल्या. त्याच वरवंट्यानं मी आदल्या दिवशी चटणी वाटली होती. सासूबाईंनी माझा डावा हात धरला. त्या स्वतः विधवा. त्यांच्या हाताला कापरं भरलं होतं, ते माझ्या मनगटात जाणवत होतं. हिरव्या बांगड्या होत्या. एका काचेनं कातडं कापलं. तो वण अजून आहे, मनगटाच्या आतल्या बाजूला, तांदळाएवढा. मग कुंकू पुसलं. वर्गात साठ मुलांसमोर खणखणीत बोलणारी मी, माझ्या तोंडून 'नको' एवढा शब्द निघाला नाही.

पुढं कितीतरी दिवस माझं मन त्या हातांपाशीच अडकलं होतं. आपण म्हणतो, रूढीनं केलं. पण वरवंटा उचलायला कुणाचा तरी हात लागतो. ते हात माझ्यावर माया करणाऱ्या बायकांचे होते. सासूबाईंनी त्या रात्री माझ्या मनगटाला हळद लावली आणि भिंतीकडं तोंड करून रडल्या.

वाचन हा माझा जुना छंद. आमच्या गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालापासूनचं. त्या वर्षी मी तिथून सुधारकांच्या काळावरची पुस्तकं एकामागून एक आणली. विधवांच्या पुनर्विवाहाला मुभा देणारा कायदा १८५६ चा, हे शाळेत पाठ केलेलं होतं. पण एक गोष्ट मला नव्यानं कळली. १८९० साली, सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं, मुंबईतल्या नाभिक बांधवांनी सभा भरवली आणि ठरवलं की यापुढं आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. शास्त्रार्थ चालले असतील, अग्रलेख लिहिले गेले असतील, त्यांची किंमत मी कमी मानत नाही. पण जो हात ते काम करतो तोच नाही म्हणाला, की ते काम तिथंच थांबतं. माझ्या घरात त्या दिवशी असा एक जरी हात असता तर...

असो. व्यायामाकडं येते.

ह्यांच्यानंतर वर्षभरात माझं वजन अकरा किलोनं वाढलं, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मग पहाटे रंकाळा. पहिल्या आठवड्यातच कट्ट्यावरच्या बायकांचं बोलणं कानावर आलं, "वरीस न्हाई झालं, आन् बूट घालून फिरायला लागली बघ." मला राग आला नाही, पाय मात्र जड झाले. दुसऱ्या दिवशी घरातून निघताना दारातच पाच मिनिटं उभी राहिले. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "जा गं. उन्हं वर यायच्या आत जा."

रंकाळ्याविषयी सांगायचं तर माझी पंधरा मिनिटं त्यातच जातील. पाणी उतरलं की संध्यामठ उघडा पडतो, पावसाळ्यात पुन्हा बुडतो. पलीकडं शालिनी पॅलेस धुक्यातून हळूहळू वर येतो. केंदाळ वाढलं की पाण्याचा श्वास कोंडल्यासारखा होतो, आणि ते काढून टाकलं की त्याच पाण्यावर वारकरी पक्ष्यांची काळी-पांढरी रांग दिसते. सांडपाणी तलावात येऊ देऊ नका, हे आम्ही फिरणारी माणसं वर्षानुवर्षं सांगतो आहोत आणि सांगत राहणार आहोत.

त्या पाण्याकडं बघता बघताच पोहायचं मनात आलं. लहानपणी मामाच्या विहिरीवर भाऊ पाठीला डबा बांधून उड्या मारायचे आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. एक्कावन्नाव्या वर्षी, २०१७ साली, मी एका जलतरण तलावावर नाव घालायला गेले. बायकांची वेळ सकाळी अकरा ते बारा. नोकरी करणारी बाई अकराला कुठून येणार? शाळेतली मुलगी तरी कशी येणार? आम्ही आठ जणींनी मिळून अर्ज दिला. "एवढ्या बायका रोज येणार आहेत का?" असं विचारलं गेलं. आम्ही नावांची यादीच पुढं ठेवली, चौतीस नावं. तीन महिने खेपा घातल्यावर सकाळी सहा ते सात अशी वेळ मिळाली. ज्या जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये नेमबाजीची जगज्जेती झाली, वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिकपर्यंत गेलेला जलतरणपटू ज्या गावानं दिला, तिथं बाईला पाण्यात उतरायला सोयीचा एक तास मागावा लागतो. हे मला तेव्हाही खुपलं आणि आजही खुपतं.

शिकवायला एक तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. मी कठड्याची कांब घट्ट धरून उभी. ती म्हणाली, "काकू, पाण्याला ढकलू नका. हात सैल सोडा. मी आहे खाली." तिनं माझ्या पाठीखाली तळवा धरला. मी मान मागं टाकली. कानांत पाणी गेलं आणि बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. फक्त माझा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर. वर आभाळ. तिनं तळवा कधी काढून घेतला, मला कळलंच नाही. दोन वर्षं माझं शरीर म्हणजे लोकांनी बघायची आणि बोलायची वस्तू झाली होती. त्या सकाळी ते मला परत मिळालं. अठराव्या दिवशी मी तलावाची रुंदी पार केली.

माझ्या वयाच्या श्रोत्या भगिनींसाठी दोन कामाच्या गोष्टी. आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला बावीस मिनिटंसुद्धा पडत नाहीत. दुसरी गोष्ट, पाळी थांबल्यावर हाडं भराभर विरळ होतात. पोहणं हृदयाला आणि गुडघ्यांना चांगलं, पण पाण्यात आपला भार पाणीच उचलतं, म्हणून हाडांसाठी वजन उचलायला हवं. मी आधी एक-एक किलोच्या डंबेल्सपासून सुरुवात केली, आता तीन किलोचे घेते. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

दुपारी मी वाकळ शिवते. आजीकडून शिकलेली कला. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वर ठिगळांची नक्षी मांडायची आणि कडेनं धावदोरा घालत घालत मधल्या चौकोनापर्यंत यायचं. ह्यांच्या सतरा शर्टांची मी एक वाकळ केली. शर्टांचे खिसे तसेच ठेवलेत. नात झोपताना त्या खिशांत हात घालते.

मे २०२२ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला. पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा आमच्या गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तो महिना होता. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. वर्तमानपत्रातली ती बातमी मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. काही बोलल्या नाहीत. माझा डावा हात ओढून घेतला आणि त्या वणावरून अंगठा फिरवत राहिल्या.

पण ठराव ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असतो आणि पाट घरात मांडला जातो. २०२३ च्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींचे यजमान गेले. वहिनी त्रेचाळीस वर्षांच्या. मी आणि माझ्या पोहणाऱ्या तीन मैत्रिणी जाऊन त्यांना चिकटून बसलो. ठरवून बसलो. एक बाई दगड घेऊन आल्या तेव्हा मी माझा हात वहिनींच्या मनगटावर ठेवला आणि म्हटलं, "आता हे करायचं नाही." सगळे गप्प. तेवढ्यात वहिनीच म्हणाल्या, "राहू दे बाई, फोडू दे. लोक मलाच बोल लावतील." हे मला कुणी सांगितलं नव्हतं, की ज्या बाईसाठी आपण हात आडवा घालतो तीच आपला हात बाजूला सारेल. मी म्हटलं, "वहिनी, काढाव्याशा वाटल्या तर चार दिवसांनी तुम्ही तुमच्या हातानं काढा. आज कुणी फोडायच्या नाहीत." त्या बाई दगड घेऊन आत गेल्या. चार दिवसांनी वहिनींनी बांगड्या काढल्या आणि डब्यात जपून ठेवल्या. माझ्या लेखी हे ठीक झालं. कुंकू लावायची सक्ती नको, तशी पुसायचीही नको. जिचं कपाळ तिचा निर्णय, आणि तो घ्यायला तिला सवड मिळायला हवी.

त्या महिन्यात आणखी एक हात धरावा लागला. वहिनींच्या दिरांनी कागद आणला, "वहिनी, इथं सही करा, नोंदीसाठी हवी आहे." मी कागद वाचायला मागितला. ते हक्कसोडपत्र होतं. भगिनींनो, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा पत्नी ही पहिल्या वर्गाची वारस आहे. दुःखाच्या दिवसांत पुढं आलेल्या कुठल्याही कागदावर घाईनं सही करू नका. वारसनोंद तलाठ्याकडं करून घ्या, सातबाऱ्यावर आपलं नाव चढलेलं डोळ्यांनी बघा. कपाळावरच्या कुंकवाविषयी आपण बोलायला लागलो आहोत, ते चांगलंच आहे. सातबाऱ्यावरच्या नावाविषयी त्याहून मोठ्यानं बोलायला हवं.

वहिनी आता आमच्याबरोबर पोहायला येतात. संक्रांतीला मी हळदीकुंकू करते. सगळ्यांना बोलावते, सवाष्ण कोण आणि विधवा कोण हे न बघता. पहिल्या वर्षी दोघी दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या. मी त्यांच्या घरी वाण नेऊन दिलं. गेल्या वर्षी दोघीही आत येऊन बसल्या.

यंदा संक्रांतीच्या आधी वहिनी म्हणाल्या, "बाई, महाद्वार रोडला येता का माझ्याबरोबर?" कासारांच्या दुकानात गर्दी होती. वहिनींनी निळ्या बांगड्या निवडल्या, गडद, मोरपिसासारख्या. कासारकाकांनी त्यांचा हात हातात घेतला, बोटांची पेरं दाबून बघितली. हात ताठ झाला होता. "ताई, हात सैल सोडा," ते म्हणाले, "नाहीतर काच फुटेल." वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मग डोळे मिटले आणि पाण्यावर पडताना सोडतात तसा हात सोडून दिला. एकेक करून सहा बांगड्या चढल्या. दुसऱ्या हाताच्या वेळी त्यांनी स्वतःच बाही वर केली.

दुकानातून निघताना त्या म्हणाल्या, "उद्या सहाला ना?" मी म्हटलं, "सहाला."

नमस्कार.