ठसा ड्यूकचा, हात कुणाचा?

हे व्हायोलिन पालथं धरा. मान पाठीला जिथे मिळते, तिथे अंगठ्याच्या नखाएवढा अर्धगोल आहे. त्याला बटन म्हणतात. त्याच्या अगदी खाली लाकडात दाबलेली अक्षरं वाचा: ड्यूक, लंडन.

रिचर्ड ड्यूक 18व्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या होबर्न भागात व्हायोलिनं घडवत होता. तेव्हा इंग्लंडात इटलीच्या स्ट्राडिव्हारीपेक्षा आल्प्समधल्या टायरोलचा कारागीर याकोब श्टायनर याचा दबदबा मोठा. ड्यूकने श्टायनरच्या आणि आमाती या इटालियन कारागीर घराण्याच्या घाटावर उत्तम काम केलं. त्याचं नाव इतकं चाललं, की 19व्या शतकात जर्मनीतल्या स्वस्त मालावरही हाच ठसा सर्रास मारला गेला. म्हणून ठशावरून भाव करू नये. आतल्या लेबलावरूनही नाही. ते कागद आहे, कुठूनही काढून कुठेही चिकटतं.

आधी काठ पाहू. कडेलगतची काळी-पांढरी-काळी रेघ म्हणजे खाचेत बसवलेल्या लाकडाच्या बारीक पट्ट्या. कोपऱ्यात त्यांचा सांधा भिंगाखाली दिसतो. रेघ नुसती शाईची असेल तर काम स्वस्तातलं. मात्र तेवढ्यावरून जर्मन ठरवू नका, लंडनच्या हलक्या कामातही शाई चालायची.

आता मान. जुन्या माना आखूड असत. पुढे मान लांब आणि मागे कललेली हवी झाली, तेव्हा मूळ माथा, म्हणजे खुंट्यांची पेटी आणि वरची गुंडाळी, कापून नव्या मानेवर जोडला गेला. खुंट्यांच्या पेटीच्या गालावर ही तिरपी जोडरेघ दिसते. नकली कामात ती नुसती कोरलेली असते. मेपलचे पट्टे रेघेच्या अलीकडून पलीकडे सलग जात असतील, तर तिथे जोड नाहीच.

पुढची फळी स्प्रूसची. तिची वार्षिक वलयं मोजता येतात. शेवटचं वलय 1810चं निघालं, तर ती फळी ड्यूकच्या हातची नाही. वलय आधीचं निघालं म्हणून मात्र काहीच सिद्ध होत नाही. जुनं लाकूड पुढेही वापरलं जातं.

अस्सल ठरलं तरी पाठ तपासायची. आतला साउंडपोस्ट, म्हणजे पुढची फळी आणि पाठ यांच्यामध्ये उभी बारीक काठी, जिथे टेकतो, तिथे तडा असेल तर किंमत निम्म्यावर येऊ शकते. तारांचा दाब कायम तिथेच पोचतो. आतून ठिगळ लावलं तरी ग्राहक बिचकतो. मूळ माथा बदललेला असेल, तरीही भाव उतरतो.

2011मध्ये स्ट्राडिव्हारीचं 'लेडी ब्लंट' नावाचं व्हायोलिन 98 लाख पौंडांना गेलं. ड्यूकचा हिशोब हजारांत होतो. कारण घाटात आहे. श्टायनरच्या पद्धतीची, फळ्यांना उंच फुगीर कमान असलेली व्हायोलिनं जवळून गोड, गोलसर वाजतात, पण त्यांचा आवाज ऑर्केस्ट्रा ओलांडून मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेत पोचत नाही. त्यामुळे एकलवादक तिकडे वळत नाहीत. चार वादकांच्या चौकडीत, लहान खोलीत वाजवणाऱ्याला मात्र या पैशात इतकं सुबक जुनं काम इटलीकडून मिळणार नाही.