दिवस कोठून मोजायचे?

व्हिसाचा कागद हाताच्या पंजाहून मोठा नसतो. पासपोर्टच्या एका कोऱ्या पानावर तो चिकटवलेला असतो आणि त्यावर प्रवाशाचे छायाचित्र, काही आकडे व दोन तारखा छापलेल्या असतात. व्हिसा हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘पाहिलेला’ असा आहे. कागद तपासून झाला आहे, एवढेच तो सांगतो. दार उघडेल असे तो कुठेही म्हणत नाही. तरीही तो मिळवण्यात पर्यटकांचे कित्येक आठवडे जातात, आणि तो मिळाल्यानंतरही विमानतळावरून परत फिरावे लागलेले प्रवासी असतात. या दोन्ही अडचणींच्या मुळाशी पुष्कळदा एकच साधा प्रश्न असतो, तो म्हणजे दिवस कोठून मोजायचे.

उशिराचा विचार करताना युरोपातील शेंगेन क्षेत्राचे उदाहरण सोयीचे पडते, कारण तेथील मुदती नियमांत स्पष्ट लिहिलेल्या आहेत. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावापाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी आपसांतील सीमांवरची तपासणी कमी करत नेण्याचा करार केला. आज त्या क्षेत्रात २९ देश आहेत आणि त्यांचा पर्यटक व्हिसा एकच आहे. नियम असा आहे की अर्ज ग्राह्य ठरल्यापासून १५ दिवसांत निर्णय व्हावा, आणि अधिक चौकशीची गरज भासल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढवता यावी. हे ‘१५ दिवस’ वाचून पर्यटक निश्चिंत होतो आणि महिनाभर आधी तयारीला लागतो.

घड्याळ मात्र अर्ज भरताना सुरू होत नाही. आधी कागदपत्रे व बोटांचे ठसे देण्यासाठी अपॉइंटमेंट मिळवावी लागते, आणि हंगामात खरी रांग लागते ती तेथेच. अपॉइंटमेंट मागितल्यापासून ती ‘सर्वसाधारणपणे’ दोन आठवड्यांत मिळावी असे नियमात म्हटले आहे, पण त्या एका शब्दाने नियमाला बरीच पळवाट ठेवली आहे. अर्ज स्वीकारणारी केंद्रे अनेक ठिकाणी खासगी कंपन्या चालवतात. त्या कागद गोळा करून पुढे पाठवतात, निर्णयाचा अधिकार त्यांना नसतो. त्यामुळे ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ या प्रश्नाला खिडकीपलीकडच्या माणसाकडे खरोखरच उत्तर नसते, आणि त्याच्यावर चिडून काही साध्य होत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करण्याची मुभा याच नियमांनी दिलेली आहे. उशिराची तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वापरली होती, हे आपले आपणच तपासलेले बरे.

अपॉइंटमेंट मिळत नाही म्हटल्यावर एक सल्ला हमखास दिला जातो. ज्या देशाच्या तारखा लवकर मिळत असतील त्या देशाकडे अर्ज करावा आणि व्हिसा हाती आल्यावर हवे तिकडे फिरावे, असा तो सल्ला असतो. आमच्या मते हा सल्ला घातक आहे. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे आहे त्याच देशाकडे अर्ज करायचा, आणि दिवस समसमान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करायचा आहे त्याच्याकडे, असा नियम आहे. हॉटेलचे बुकिंग एका देशातले आणि अर्ज दुसऱ्या देशाकडे अशी विसंगती दिसली, की शंका येण्यास तेवढे कारण पुरते.

निर्णय लांबण्याची कारणे अर्जदाराला सहसा कळवली जात नाहीत. काही नागरिकत्वांच्या अर्जदारांबाबत इतर सदस्य देशांचे मत आधी मागवावे लागते. अमेरिकेच्या व्हिसाबाबत तर मुलाखत पार पडल्यानंतरही काही अर्ज पुढील प्रशासकीय तपासणीसाठी थांबवले जातात आणि त्या तपासणीला ठरावीक मुदत नसते. या काळात पासपोर्ट दूतावासात अडकलेला असू शकतो, म्हणजे दुसरा कुठलाही प्रवास करता येत नाही. म्हणूनच पैसे परत न मिळणारे तिकीट व्हिसाआधी काढणे हा धोका पत्करणेच आहे. अर्जाला जोडण्यासाठी रद्द करता येणारे आरक्षण सहसा पुरते.

आता पुन्हा त्या कागदाकडे पाहू. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन तारखांच्या जवळच मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या छापलेली असते, आणि बहुतेकांचे लक्ष चुकते ते नेमके येथे. दोन तारखांमध्ये ३० दिवसांचे अंतर असले आणि मुक्कामाचे दिवस १५ लिहिलेले असले, तर १५ दिवसच राहता येते. प्रवेशांच्या जागी ‘०१’ असेल आणि प्रवासी पॅरिसहून दोन दिवसांसाठी लंडनला गेला, तर त्या व्हिसावर त्याला पॅरिसला परतता येत नाही, कारण ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही. अमेरिकेत हा फरक आणखी ठळक होतो. तेथील व्हिसावरची शेवटची तारीख केवळ सीमेवर पोहोचण्यासाठी असते, आणि किती दिवस राहायचे हे सीमेवरचा अधिकारी प्रत्येक वेळी नव्याने ठरवतो. दहा वर्षांचा व्हिसा असलेल्या पर्यटकालाही एका भेटीत सामान्यतः सहा महिन्यांपर्यंतच राहू दिले जाते.

पासपोर्टची मुदत हे दुसरे गणित आहे. अनेक देशांना पासपोर्ट आणखी सहा महिने वैध असलेला लागतो. कोणी ते प्रवेशाच्या दिवसापासून मोजतो, तर कोणी परतीच्या दिवसापासून. शेंगेन देशांना तेथून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने पुरतात, पण पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतच दिलेला असावा लागतो.

ही सगळी तपासणी सर्वप्रथम होते ती सीमेवर नव्हे, तर विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर. तेथील कर्मचारी टिमॅटिक या देशोदेशींच्या प्रवेशनियमांच्या माहितीसाठ्यात प्रवाशाचे नागरिकत्व, गंतव्य देश आणि वाटेतले थांबे घालून पाहतो. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेल्यास त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि अनेक देशांत दंडही होतो. ब्रिटनमध्ये हा दंड एका प्रवाशामागे २,००० पौंड आहे. त्यामुळे शंका आल्यास कर्मचारी प्रवाशाच्या बाजूने सहसा झुकत नाही. थेट न जाता वाटेत विमान बदलणाऱ्याला कधी कधी ट्रान्झिट व्हिसाही लागतो, आणि स्वस्त तिकिटाची खरी किंमत तेव्हा काउंटरवर समजते. पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्रही येथेच मागितले जाऊ शकते. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते, म्हणून आदल्या दिवशी धावपळ करून घेतलेली लस कामाची ठरत नाही.

सीमेवरचा अधिकारी परतीचे तिकीट, राहण्याची जागा आणि खर्चाची सोय विचारू शकतो. उत्तरे अर्जातल्या मजकुराशी जुळत असतील तर हे संभाषण मिनिटभरात संपते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो शेंगेन क्षेत्राच्या ‘कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम’ या नियमात. एक दिवस बाहेर जाऊन आले की मोजणी नव्याने सुरू होते, असा समज प्रचलित आहे आणि तो चुकीचा आहे. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस पाहायचे असतात आणि आल्याचा व निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजायचे असतात. लीप वर्ष नसताना १ जानेवारी ते ३१ मार्च असा मुक्काम केला तर बरोबर ९० दिवस भरतात. अनेक प्रवेशांचा व्हिसा वैध असला तरी अशा प्रवाशाला ३० जूनपूर्वी पुन्हा प्रवेश मिळत नाही.

पूर्वी हे मोजण्यासाठी अधिकारी पासपोर्टची पाने उलटत असे आणि पुसट शिक्के वाचत असे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर टप्प्याटप्प्याने सुरू झालेली नोंदणी यंत्रणा छायाचित्र व बोटांचे ठसे घेते आणि शिल्लक दिवस आपणहून मोजते. एक दिवस जास्त राहिलेला प्रवासीही आता तिच्या नोंदीत दिसतो.