धावपट्टीवरची फुली

नमस्कार श्रोतेहो.

1998 साली आमच्या ताईकडे संगणक आला. त्यावर तिने क्रोशाचं झाकण घातलं होतं, आणि भाचा शाळेतून आला की आधी ते झाकण उडायचं. मग मायक्रोसॉफ्टचा विमान उडवायचा खेळ. विमान दर वेळी एकाच धावपट्टीवर उभं असायचं. डावीकडे उंच इमारती, उजवीकडे पाणीच पाणी. मी तीनदा उडवलं, तिन्ही वेळा पाण्यात.

ती धावपट्टी खरी होती. अमेरिकेतल्या शिकागो शहराचं मेग्ज फील्ड. मालकी शहराची, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेची. मिशिगन सरोवरात भराव घालून केलेली जमीन, तिथे 1933 मध्ये जागतिक प्रदर्शन भरलं आणि 1948 मध्ये विमानतळ सुरू झाला. नाव दिलं मेरिल मेग्ज या वृत्तपत्र प्रकाशकाचं. धावपट्टी एकच, बाराशे मीटरही नाही, मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या साधारण तिसरा हिस्सा. त्यामुळे इथे मुख्यतः छोटी खासगी विमानं. उतरा आणि थेट शहराच्या मध्यात.

महापौर रिचर्ड डेली यांना मात्र तिथे बाग हवी होती. बाग ही चीज मला आवडते, पण आपल्याकडे बाग म्हणजे पेव्हर ब्लॉक आणि मधोमध कोरडं कारंजं. असो. 1996 मध्ये त्यांनी विमानतळ बंद केला, राज्य सरकार मध्ये पडलं, 1997 मध्ये पुन्हा उघडला. पुढे 2001 मध्ये तो 2026 पर्यंत चालू ठेवायचा समझोता झाला, पण त्याला लागणारा केंद्राचा कायदा काही झाला नाही.

आणि आता ती रात्र. यासाठीच मी आज आलोय.

30 मार्च 2003, रविवार. शहर झोपलेलं. मध्यरात्रीच्या सुमारास पोलिसांच्या बंदोबस्तात बुलडोझर निघाले. मोर्चा नाही, दंगल नाही, शहराच्याच विमानतळावर शहराचेच बुलडोझर! धावपट्टीच्या मधोमध त्यांनी मोठमोठ्या फुल्या खोदल्या. फुलीच का? वैमानिकाला वरून फुली दिसली की समजायचं, ही धावपट्टी बंद. आपण एखाद्या गोष्टीवर फुली मारतो ना, डेलींनी ती अक्षरशः मारली, आणि रंगाने नाही, खोदून.

सकाळी लोकांना कळलं. मैदानात सोळा विमानं उभी. सोळा! उडायचं कुठून? शेवटी शेजारच्या टॅक्सी वेवरून, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत चालत नेण्याच्या अरुंद पट्टीवरून, त्यांना उडू दिलं. चाळीच्या जिन्यातून कपाट उतरवावं तसं.

डेलींचं म्हणणं, 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यांनंतर उंच इमारतींजवळ विमानं नकोत. असेल. पण बंद करण्याआधी तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, तीस दिवसांची, ती कुठे होती? दंड किती, तर दिवसाला 1,100 डॉलर. तीस दिवसांचे 33 हजार. मोठ्या शहराला हे चहापाण्याचे पैसे! शहराने तो भरला, आणि केंद्राच्या विमानतळ निधीतले दहा लाख डॉलरही परत केले. त्याआधीच कायदा बदलून पुढच्यांसाठी दंड दिवसाला 10 हजार डॉलरवर नेला होता.

आणि एक लक्षात घ्या, तिथला महापौर कारभार करतो. आपल्याकडचा हार घेतो, कारभार आयुक्तांकडे. कोणतं बरं, यावर ताईच्या घरी एक अख्खा रविवार गेला होता.

आज तिथे बाग आहे, गाण्याचे कार्यक्रम होतात. विमानतळाची जुनी इमारत अजून उभी आहे. बाजारभावाची वेळ झाली, मला खूण करतायत. नमस्कार.